बोलणी

मराठीत ‘बोलणी’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. राजेरजवाडे बोलणी करतात आणि शाळकरी पोरं बोलणी खातात. पहिल्या प्रकारावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. दुसऱ्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही.

आता लोहगडाचंच घ्या. १६४८ साली शिवरायांनी तो घेतला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यात तो गेला. १६७० मध्ये परत आला. पुढे १८१८ च्या मार्चमध्ये जनरल प्रॉथरनं शेजारचा विसापूर घेतला, आणि दुसऱ्याच दिवशी लोहगडही न लढता इंग्रजांच्या हाती गेला. या सगळ्या सनावळ्या आम्ही घोकल्या, चुकल्या तेव्हा छड्या खाल्ल्या. पण त्याच गडाच्या पायथ्याच्या लोहगडवाडीतून गायमुख खिंड ओलांडून, भाज्यावरून खाली हायस्कुलाला येणारी पोरं आपसात काय बोलत, यावर परीक्षेत दोन मार्कांची टीपसुद्धा कधी आली नाही. ती उणीव भरून काढणं आलं.

आमच्या मावळात हायस्कूल म्हणजे रेल्वेच्या रुळालगतची गोष्ट. १८५८ साली खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत आगगाडी धावली आणि पुढच्याच वर्षी मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक झाली. त्या पहिल्या खेपेत रानडे आणि भांडारकर होते, हे आमच्या पिढीचं दुर्दैव. कारण पुढे शंभर-सव्वाशे वर्षं प्रत्येक बापाला ‘ते बघ’ म्हणून बोट दाखवायची सोय झाली. १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघालं, आणि ते काढणाऱ्यांतल्या टिळकांची शेंगांच्या टरफलांची गोष्ट शाळाशाळांतून सांगितली जाऊ लागली. ती ऐकून आमच्या वर्गातल्या एकानं टरफलं उचलायला बाणेदार नकार दिला. त्याला टरफलं तर उचलावी लागलीच, वर पटांगणही झाडावं लागलं. गुरुजींना बाणेदार उत्तर द्यायला हरकत नसते, फक्त आधी टिळक असावं लागतं.

माझा काळ सत्तरीच्या सुरुवातीचा. मॅट्रिक तेव्हा अकरावीला होती. १९७५ पासून ती दहावीवर आली. वर्गात बोलायला बंदी. त्यामुळे दळणवळणाची इतर साधनं फार भरभराटीला आली होती. त्यांत पहिला मान चिठ्ठीचा. वहीच्या मधल्या पानाचा चतकोर तुकडा, आठ घड्या, आणि वर ‘पुढे पाठव’. पोस्टकार्ड सगळे वाचतात म्हणतात. आमची चिठ्ठी वाटेतले सगळे वाचत, शिवाय दुरुस्त्याही करत. ‘सुट्टीत भेट’ असं पहिल्या बाकावरून निघालेलं पत्र शेवटच्या बाकावर ‘सुट्टीत पेटी घे’ होऊन पोचे. त्याखालोखाल बोटांच्या खुणा. एक बोट वर केलं की पाणी, करंगळी दाखवली की दुसरं काम. तीच करंगळी खाली अडकली की कट्टी आणि दोन बोटं जुळली की बट्टी. पुरंदरच्या तहाला काही दिवस लागले असतील. आमचे तह मधल्या सुट्टीत होत आणि घंटा व्हायच्या आत मोडतही.

गावोगावच्या शाळांमधलं टपाल पॅसेंजर गाडीतून चाले. लोणावळ्याची लोकल १९७८ साली आली, तोवर पॅसेंजरवरच भिस्त. कोणत्या शाळेत कोणता पेपर सोपा निघाला, कोणत्या सरांना कोणतं टोपणनाव पडलं, या बातम्या कामशेतला चढत आणि वडगावला उतरत.

एका आघाडीवर मात्र दळणवळण साफ बंद होतं. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. त्याला सव्वाशे वर्षं होत आली तरी आमच्या वर्गातल्या मुली गुरुजींच्या मागोमाग वर्गात येत आणि गुरुजींच्या मागोमाग जात. मुलामुलींत बोलायला एकच वाक्य संमत होतं: ‘भूमितीची वही हवी होती.’ तेही आडनाव घेऊन, जमिनीकडे बघत. एवढ्यावर दुसऱ्या दिवशी मुतारीच्या भिंतीवर कोळशानं बदाम निघे. आमच्याकडे तो बदाम बघून सगळे हसले. ज्या मुलीचं नाव त्यात होतं तिचं शिक्षण मात्र तिथेच थांबलं. मुलाला घरी दोन थोबाडीत बसल्या आणि तो पुढे ग्रॅज्युएट झाला.

आमच्या बाकावर लोहगडवाडीचा एक मुलगा होता. त्याला आम्ही ‘किल्लेदार’ म्हणत असू. पावसाळ्यात तो इरलं घेऊन येई. ते दाराशी टेकवलं की वर्गात ओढा वाहू लागे. जुलैत मात्र आठवडाभर गायब. हजेरीला त्याचा नंबर आला की कुणीतरी सांगे, ‘सर, तो लावणीला गेलाय!’ की वर्ग हसे. भाताच्या लावणीला गेलेल्या पोराला तमाशाच्या फडात बसवून आम्ही आठवडा मजेत काढत असू. परत आला की तो वडिलांच्या अंगठ्याची चिठ्ठी आणी. मजकूर त्यानंच लिहिलेला असे, त्यामुळे आमच्या वर्गात पालकांच्या वतीनं अधिकृत पत्रव्यवहार करणारा तो एकटाच.

एकदा तोंडी परीक्षेला गुरुजींनी विचारलं, ‘लोहगड कुठे आहे?’

किल्लेदार उभा राहिला. ‘आमच्या घराच्या मागं हाय.’

वर्ग कोसळला. गुरुजींनी आधी ‘हाय’चं ‘आहे’ करून घेतलं, मग पुस्तकातलं उत्तर म्हणवून घेतलं, आणि शून्य दिलं. आता बघा, त्या उत्तरात चूक काय होती? विंचूकाट्यावर वारा कुठून येतो, गणेश, नारायण, हनुमान आणि महा या चार दरवाजांतल्या कोणत्या पायरीवर पावसात पाय घसरतो, हे त्या वर्गात त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. गुरुजी स्वतः गडावर गेले नव्हते. पण त्या दिवसानंतर किल्लेदार वर्गात ‘हजर’ एवढंच बोलू लागला. तेही शुद्ध.

पुढे फोन आले, मोबाईल आले. २०२० साली शाळा बंद पडल्या आणि वर्ग मोबाईलमध्ये शिरला. तेव्हा राज्यातल्या डोंगराळ भागातली पोरं रेंज शोधत टेकड्या चढली. ज्या पिढ्यांनी शिकण्यासाठी डोंगर उतरायचा, त्यांच्या नातवंडांनी तो चढायचा. मधली चाल काही चुकत नाही. आता चिठ्ठीला घड्या नाहीत, तिला दोन निळ्या खुणा असतात. पण ‘वाचलं तरी उत्तर दिलं नाही’ या कारणावरून कट्टी अजून होते, असं माझी नात सांगते. बदाम तर सरकारी टपालापेक्षा जास्त फिरतात. फरक इतकाच की भिंतीवरचा बदाम पावसात धुऊन जायचा.

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. त्या अकरांत लोहगड आहे. बातमी वाचली आणि किल्लेदाराला फोन लावला. म्हटलं, ‘अरे, तुझा गड जगाच्या यादीत गेला!’

पलीकडे माणसांचा गलका होता. तो कुणाला तरी पायऱ्यांची वाट सांगत होता; मोठ्यानं, न अडखळता, आपल्या बोलीत. मग मला म्हणाला, ‘गेला कुठं? घराच्या मागंच हाय की!’