भुलीच्या नळीचं आजोळ पुणे

ऑपरेशनात भूल देताना श्वासनळीत घालतात त्या नळीचं कूळ पुस्तकं 1543 पासून मोजतात. शरीररचनाशास्त्रज्ञ वेसालियसने डुकराच्या श्वासनळीत बोरूची नळी घालून फुप्फुसं फुगवली, ते हे साल. आम्हा सालेकशाच्या बांबूरानातल्या माणसांना पोकळ कांडीचा हा मान सुखावतो. तरी माझ्या मते या नळीचं आजोळ पुणे.

ही गोष्ट एका नाकापासून सुरू होते. कावसजी हा इंग्रज फौजेतला बैल हाकणारा. टिपूच्या कैदेत त्याचं नाक आणि एक हात गेला. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एकाने त्याला नवं नाक दिलं. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतलं, तो कपाळावर पसरून तेवढी कातडी सोडवली आणि भुवयांमधला देठ तसाच ठेवून खाली वळवली. सांध्यावर काथाच्या पट्ट्या, चार दिवसांनी तुपात भिजवलेलं कापड, दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून मऊ बोळे. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने हे छापलं. ते वाचून इंग्रज सर्जन कार्प्यूने 1814 मध्ये तसंच नाक केलं आणि युरोपात ही विद्या पुन्हा रुजली.

पहिल्या महायुद्धात चेहरे उडालेले सैनिक इंग्लंडमधल्या सिडकपला सर्जन हॅरॉल्ड गिलीजकडे येऊ लागले. तोही कपाळाच्या कातडीची नाकं करी. पण तोंडावर भुलीचा मास्क धरला, तर सर्जनने सुरी चालवायची कुठे? ही अडचण भूलतज्ज्ञ आयव्हन मॅगिल आणि स्टॅन्ली रोबोथम यांनी नळीने सोडवली. मॅगिल लाल रबरी नळीच्या भेंडोळ्यातून तुकडे कापी. भेंडोळ्यात पडलेला वाकच घशाला नेमका बसे. या नळीवरचा हवेचा फुगा आणि पीव्हीसी प्लास्टिक नंतरचे.

ग्लासगोचा सर्जन मॅकेवन याने 1878 मध्येच बोटाच्या आधाराने तोंडातून नळी घातली होती, हा आक्षेप रास्त आहे. पण पुढे एक रुग्ण दगावला आणि मॅकेवनने तो नाद सोडला. वंश तिथेच खुंटला. सुश्रुताचे अभिमानीही पुढे येतील. नवं नाक बसवताना दोन नळ्या ठेवायला त्याने सांगितलं आहे खरं, पण त्या नाकपुडीपुरत्या, श्वासनळीपर्यंत जाणाऱ्या नव्हेत. पुण्याचं नाक लंडनला पोचलं नसतं, तर चेहऱ्याची शस्त्रक्रिया इतकी धीट झाली नसती आणि नळीची निकडही पडली नसती, असा माझा पक्का कयास.

मासिकाने कावसजीचं नाव छापलं, कारागिराचं नाही. कुणाच्या घरच्या बाडात ते सापडलं, तर जरूर कळवा.