परदेशी सरकारी तंत्रसेवेच्या शिष्यवृत्त्या : अर्जाआधी अटी पाहा

सुपे (ता. बारामती), प्रतिनिधी : सुपे परिसर हा बारामती तालुक्यातील जिरायती पट्टा. येथून आणि शेजारच्या इंदापूर तालुक्यातून संगणक अभियांत्रिकीकडे वळणाऱ्या मुलामुलींपुढे पदवीनंतर पहिला प्रश्न उभा राहतो तो पैशाचा. ‘शिक्षणाचा सारा खर्च आणि पुढे परदेशी सरकारच्या तंत्रज्ञान विभागात नोकरी’ असे कानावर पडले, की साहजिकच आशा पालवते. अशा योजना अस्तित्वात आहेत. परंतु त्या कोणासाठी आहेत, हे एखाद्या मध्यस्थाच्या हाती पैसे ठेवण्यापूर्वी तपासले पाहिजे.

अमेरिकेचा नियम

या प्रकारातील सर्वांत परिचित योजना म्हणजे अमेरिकेची ‘सायबरकॉर्प्स’. नॅशनल सायन्स फाउंडेशन ही संस्था ती चालवते. सायबर सुरक्षेचे शिक्षण घेणाऱ्यास शुल्क व निर्वाहभत्ता मिळतो. त्या बदल्यात जितका काळ शिष्यवृत्ती घेतली, तितका काळ सरकारी सेवा करावी लागते. सेवा न केल्यास रकमेचे रूपांतर कर्जात होते. २०२५ मध्ये तेथील संघराज्य सरकारने नोकरभरती गोठवली, तेव्हा सेवेस तयार असलेल्या पदवीधरांवरही या कर्जाची टांगती तलवार आली.

ही योजना केवळ अमेरिकी नागरिक आणि कायम निवासाचा परवाना असलेल्यांसाठी आहे. अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘स्मार्ट’ शिष्यवृत्तीसाठी अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांचेच नागरिक पात्र ठरतात. तेथील संघराज्य सेवेतील बहुतेक स्पर्धात्मक पदेही नागरिकांसाठी राखीव आहेत. त्यामुळे विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या भारतीयास हा मार्ग बंद आहे. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील, नागरिकत्व मिळालेल्या मुलांना मात्र तो खुला आहे.

ब्रिटन व जर्मनी

ब्रिटनचा नियम निराळा आहे. राष्ट्रकुलातील देशांचे नागरिक, म्हणजे भारतीयही, तेथे काम करण्याचा वैध परवाना असल्यास मुलकी सेवेतील अनेक पदांसाठी अर्ज करू शकतात. सुरक्षेशी संबंधित राखीव पदे याला अपवाद आहेत. मात्र ब्रिटिश सरकारची ‘चीव्हनिंग’ शिष्यवृत्ती घेणाऱ्यास अभ्यासक्रमानंतर किमान दोन वर्षे मायदेशी परतावे लागते. अमेरिकेच्या ‘फुलब्राइट-नेहरू’ शिष्यवृत्तीलाही दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट जोडलेली असते.

जर्मनीत पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांपर्यंत राहण्याची परवानगी मिळू शकते. तेथील सरकारी कार्यालयांत करारावर परदेशी तंत्रज्ञ घेतले जातात. कायम राजसेवकाच्या दर्जासाठी मात्र सामान्यतः जर्मन किंवा युरोपीय संघाचे नागरिकत्व लागते.

महाराष्ट्रातील योजना

परदेशी शिक्षणाचा खर्च उचलणाऱ्या योजना आपल्याकडेही आहेत. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. ती पुण्यातील समाजकल्याण आयुक्तालयामार्फत दिली जाते. मराठा व कुणबी विद्यार्थ्यांसाठी ‘सारथी’ संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची योजना आहे. या दोन्हींमध्ये प्रत्येकी ७५ जागा आहेत. खुल्या प्रवर्गाची योजना तंत्रशिक्षण संचालनालयाकडे आहे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत १२५ जागा असून अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांना तिचा लाभ मिळतो. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असावे लागते. विद्यापीठाचे जागतिक स्थान, वय व उत्पन्न यांच्या अटी बदलत असल्याने त्या वर्षीची जाहिरातच प्रमाण मानावी.

बडोद्याचा करार

शिक्षणाच्या बदल्यात सेवा ही पद्धत आपल्याला नवी नाही. १९१३ मध्ये बडोदे संस्थानाने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवले. त्या बदल्यात दहा वर्षे संस्थानाची सेवा करण्याचा करार होता. १९१७ मध्ये ते बडोद्यात रुजू झालेही. परंतु अस्पृश्यतेमुळे राहण्यास जागा मिळेना आणि त्यांना लवकरच बडोदे सोडावे लागले. शिक्षण देणाऱ्या राज्याची नोकरी मिळाली, तरी तेथे सन्मानाने राहता येईलच असे नाही, याचा हा सर्वांत बोलका दाखला.

तेव्हा अर्जापूर्वी चार गोष्टी लिहून काढाव्यात : नागरिकत्वाची अट काय, सेवेचा काळ किती, करार मोडल्यास किती रक्कम परत करावी लागेल आणि परत येण्याचे बंधन आहे का. जामीनपत्रावर बहुधा आईवडिलांची सही असते, म्हणून ही माहिती त्यांनाही मराठीत समजावून सांगितली पाहिजे. परतून येणाऱ्यास सरकारी तंत्रसेवेची दारे येथेही आहेत. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र शासनाचे संगणकीय काम पाहते, तर १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’चे मुख्यालय आपल्याच जिल्ह्यात, पुण्यात आहे.