जाङ्गल भूमि, कुरण आणि माळढोक

माळढोकाची चर्चा या त्रैमासिकाच्या वाचकांस प्रथमदर्शनीं अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु दोन-तीन जुन्या शब्दांचा मूळ अर्थ विसरल्यामुळें एका सबंध भूप्रकाराची व त्यावर जगणाऱ्या पक्ष्यांची हानि होत आहे, असें आमचें मत झालें आहे. तें साधार मांडण्याचा हा अल्प प्रयत्न.

पहिला शब्द ‘जाङ्गल’. चरकसंहितेच्या कल्पस्थानांत देशाचे जाङ्गल, आनूप व साधारण असे तीन प्रकार सांगितले आहेत. पैकीं जाङ्गल म्हणजे मोकळ्या आकाशाचा, कोरड्या वाऱ्याचा, खैर-बोरींसारख्या झाडांचा देश; लावा, तित्तिर व चकोर हे तेथील पक्षी. भूमीचें लक्षण सांगतांना ग्रंथकारानें पक्ष्यांचीही गणना केली, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. याच शब्दापासून पुढें ‘जंगल’ शब्द आला; पण अर्थ पालटून तो दाट झाडीचा वाचक झाला. उघड्या माळास आपलें नांवच उरलें नाहीं.

दख्खनचा पर्जन्यछायेंतील प्रदेश बहुतांशीं असाच जाङ्गल आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासांत (सुमारें इ. स. ११३०) मृगया व श्येनविनोद यांवर स्वतंत्र प्रकरणें आहेत. त्याची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचें बसवकल्याण, सोलापुराच्या पूर्वेस याच कोरड्या पठारावर आहे. ससाण्याची शिकार दाट झाडींत साधत नाहीं. तीस मोकळा माळच लागतो, एवढें अनुमान येथें पुरे.

दुसरा शब्द ‘कुरण’. पेशवाईच्या कागदपत्रांशीं ज्यांचा परिचय आहे त्यांस तो नवा नाहीं. सरकारी पागेच्या घोड्यांकरितां गवत राखलेली जमीन तें कुरण. तें कापण्याची व वाहण्याची वेठ गांवकऱ्यांवर पडे, ही त्याची जाचक बाजूही विसरतां कामा नये. तथापि गवत हें त्या काळीं राज्याचें धन होतें, आणि माळ ही राखण्याची वस्तु होती, हें निर्विवाद आहे.

तिसरा शब्द ‘खराबा’. इ. स. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनीं इंदापूर तालुक्यांत नव्या पद्धतीची जमीनपाहणी केली व तीच पुढें मुंबई इलाख्यांत पसरली. या पद्धतींत जमिनीची किंमत मातीच्या प्रतीवरून ठरे. जेथें नांगर चालत नाहीं ती जमीन खराबा किंवा पडीक. राखलेलें गवत व निरुपयोगी जमीन यांतील भेद दप्तरांतून क्रमानें पुसट झाला.

आतां पक्ष्याकडे वळूं. रॉबर्ट मॅन्सफील्ड नामक एका इंग्रज शिकाऱ्यानें अहमदनगर (सांप्रतचें अहिल्यानगर) जिल्ह्यांत १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. म्हणजे वर्षास सरासरी ४८. एका बंदुकीस इतके पक्षी मिळाले, यावरून त्या काळच्या माळांची समृद्धि कळते. पुढें १९६९ सालीं सर्व हिंदुस्थानांत सुमारें १,२६० माळढोक असल्याचा अंदाज झाला, व २०१८ च्या सुमारास तो आंकडा दीडशेंवर आला. महाराष्ट्रांत तर तो आतां जवळजवळ नाहींसाच झाला आहे.

शिकार हें एक कारण. परंतु जो पक्षी एका वेळीं बहुधा एकच अंडें, तेंही उघड्या जमिनीवर घालतो, त्यास माळ गेल्यावर आश्रय कोठला? कालव्याचें पाणी येऊन माळाचीं शेतें झालीं, विजेच्या तारा आल्या. आणि ‘पडीक जमिनीचा उद्धार’ म्हणून सद्‌बुद्धीनेंच झाडें लावण्यांत आलीं. सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत १९७९ सालीं माळढोकाकरितां ८,४९६ चौरस किलोमीटरांचें अभयारण्य जाहीर झालें. पुढें तें सुमारें १,२२२ वर आणावें लागलें, कारण मूळ सीमेंत गांवें, शेतें व शहरेंही आलीं होतीं. या ‘अभयारण्य’ शब्दांतही पुनः अरण्यच आहे, हें मौजेचें खरें, पण दुःखाचेंही.

यावर कोणी म्हणेल कीं, कुरणें घोड्यांसाठीं होतीं, पक्ष्यांसाठीं नव्हत. हें आम्हांस मान्य आहे. परंतु माळ राखल्यानें तणमोर, धाविक, पखुर्डी, चंडोल हे सर्वच राखले जातात. लगतच्या खडकाळ टेकड्या व घळी तशाच सोडल्या तर कपारींतील शृंगी घुबडही वांचतें. हेतु निराळा असला तरी फळ तेंच.

म्हणून संग्राहकांस आमची एक विनंति आहे. आपल्या रुमालांत कुरणाचा कागद आढळल्यास तो किरकोळ म्हणून बाजूस सारूं नये. गांव, चतुःसीमा व साल यांचें टांचण करून प्रसिद्ध करावें. जो माळ दोनशें वर्षांपूर्वीं राखलेला होता असें कागदानें सिद्ध होईल, त्यास पडीक म्हणणें कठीण जाईल. माळढोक परत येईल कीं नाहीं हें सांगवत नाहीं. पण त्याच्या भूमीस तिचें खरें नांव परत देणें आपल्या हातीं आहे. इत्यलम्.