क्रोमियमचा दुसरा प्रवेश

जालन्याच्या एमआयडीसीतल्या कुठल्याही रोलिंग मिलमध्ये लोखंडाचा एक स्वभाव डोळ्यांदेखत दिसतो. अकराशे-बाराशे अंश सेल्सिअसला तापलेलं बिलेट रोलांत शिरतं आणि अंगावरची काळी खपली झडत जाते. हवेतल्या ऑक्सिजनने खाल्लेलं ते लोखंड. मिलवाले त्याला स्केल म्हणतात आणि तुटीत धरतात. पुढे टीएमटी सळईवर पाण्याचा मारा होतो, वाफ उसळते, सळई पुढे सरकते. कुणी दचकत नाही.

लोखंडाच्या जागी झिर्कोनियम असेल, तर याच तापमानाला हीच वाफ घातक ठरते. धातू वाफेतला ऑक्सिजन ओढून घेतो, हायड्रोजन मोकळा सुटतो, आणि त्यातून एवढी उष्णता निघते की धातू आणखी तापून आणखी ऑक्सिजन ओढू लागतो. तरीही जगातल्या बहुतेक अणुवीजकेंद्रांत युरेनियमच्या इंधनगोळ्या याच धातूच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरलेल्या असतात. या नळ्यांवर आता क्रोमियमचा मुलामा चढवून पाहिला जातो आहे.

झिर्कोनियमची ओळख जुनी. १७८९ साली क्लाप्रोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला सिलोनच्या खड्यांत हे नवं मूलद्रव्य सापडलं. पुढे दीडशे वर्षं त्याला म्हणावं असं मोठं काम मिळालं नाही. अणुभट्टी आली आणि न्यूट्रॉन न गिळणाऱ्या, गरम पाण्यात टिकणाऱ्या धातूची गरज पडली. सुरुवातीला झिर्कोनियम या परीक्षेत नापासच झाला होता, पण दोष त्याचा नव्हता. त्याच्यासोबत खनिजात नेहमी हाफ्नियम असतो आणि तो न्यूट्रॉन शेकडो पट अधिक गिळतो. १९४०च्या दशकाअखेरीस अमेरिकेत हे उमगलं, हाफ्नियम वेगळा काढला गेला आणि ॲडमिरल रिकोव्हर यांनी आपल्या अणुपाणबुडीसाठी झिर्कोनियमच निवडला. ‘नॉटिलस’ नावाची ती पाणबुडी १९५४ मध्ये पाण्यात उतरली.

शुद्ध धातूला गंज लागतो म्हणून त्यात कथील मिसळलं, ते झिर्कॅलॉय-१. पण तेही फार टिकेना. मग एका वितळणीत चुकून थोडं स्टेनलेस स्टील पडलं, आणि ती वितळण गंजाला भलतीच चिवट निघाली! स्टीलमधले लोह, निकेल आणि क्रोमियम पुढे मुद्दाम घालायचं ठरलं, आणि झिर्कॅलॉय-२ जन्माला आलं. त्यात क्रोमियम जेमतेम ०.१ टक्का. या घराण्यात क्रोमियमचा पहिला प्रवेश झाला तो असा, न बोलावता.

महाराष्ट्रात ही नळी आली तारापूरला. १९६९ साली तिथल्या दोन उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्या वीज देऊ लागल्या. बांधणी अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकची, इंधनाचं आवरण झिर्कॅलॉय-२चं. ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात ब्रह्म प्रकाश यांच्या धातुशास्त्र विभागाने हे तंत्र देशी हातांत आणलं, आणि पुढे हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये किनाऱ्यावरच्या झिर्कॉन वाळूपासून नळीपर्यंतचं सगळं काम होऊ लागलं. या कहाणीतला मला सर्वांत अभिमानाचा भाग हाच वाटतो. तो फार कमी सांगितला जातो.

वाफेचा धोका कुणाला माहीत नव्हता असं नाही. आणीबाणीतही नळीचं तापमान १२०४ अंशांपलीकडे जाऊ नये, अशी मर्यादा अमेरिकी नियमांनी १९७०च्या दशकातच घातली. (आकडा विचित्र दिसतो, कारण तो मुळात २२०० फॅरनहाइट आहे.) १९७९ मध्ये अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीजकेंद्रात ही मर्यादा ओलांडली गेली, हायड्रोजन निघाला, पण इमारत टिकली. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाला त्सुनामीच्या लाटेने डिझेल जनित्रं बुडवली, पाणी फिरवणारे पंप थांबले, नळ्या तापल्या आणि हायड्रोजनच्या स्फोटांनी अणुभट्ट्यांच्या तीन इमारती उडाल्या. तिथली पहिली अणुभट्टीही जनरल इलेक्ट्रिकचीच, तारापूरसारखी उकळत्या पाण्याची.

त्यानंतर धातूच बदलायचे विचार झाले. लोह-क्रोमियम-ॲल्युमिनियमचा मिश्रधातू वाफेला दाद देत नाही, पण न्यूट्रॉन गिळतो. सिलिकॉन कार्बाइड उष्णता सोसतं, पण ठिसूळ असतं. तेव्हा बहुतेकांना सोयीचा वाटला तो जुनी नळी ठेवून तिला क्रोमियमचा अंगरखा घालण्याचा मार्ग. क्रोमियमवर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर बसतो आणि तो वाफेला आत शिरू देत नाही. मुलाम्याचा थर दहा-वीस मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही बारीक. फ्रान्सच्या फ्रामातोम कंपनीने तो निर्वातात क्रोमियमचे अणू नळीवर बसवून चढवला. अमेरिकेच्या वेस्टिंगहाउसने क्रोमियमच्या भुकटीचा अतिवेगवान मारा करण्याची ‘कोल्ड स्प्रे’ पद्धत धरली. २०१९ मध्ये दोघांच्याही चाचणी-नळ्या अमेरिकेतल्या चालू वीजकेंद्रांत गेल्या.

मुलाम्यावर फार भिस्त ठेवू नये असं माझं मत आहे. १३३० अंशांच्या आसपास क्रोमियम आणि झिर्कोनियम मिळून वितळू लागतात, आणि मग अंगरखा अंगातच विरघळतो. तोवर मिळते ती सवड: बंद पडलेले पंप पुन्हा सुरू करायला, बाहेरून पाणी आणायला. शिवाय मुलामा बाहेरूनच असतो. अपघातात नळी आतल्या वायूच्या दाबाने फुगून फाटली, तर वाफ आतल्या उघड्या झिर्कोनियमवर पोहोचते. म्हणून फ्रान्सच्या अणुऊर्जा प्रयोगशाळेत नळीच्या आत बाष्पाच्या रूपाने क्रोमियम कार्बाइडचा थर बसवण्याचे प्रयोग झाले आहेत. ते काम अवघड, कारण नळीचं तोंड जेमतेम सेंटिमीटरभर आणि लांबी सुमारे चार मीटर.