सायकलचा स्टँड : वापर, जतन आणि ग्रामीण तंत्रज्ञानाचा इतिहास

प्रस्तावना :
सायकलच्या इतिहासात चाक, साखळी व हवेचा टायर यांची चर्चा होते. स्टँडची दखल क्वचितच घेतली जाते. तथापि सायकल कोणत्या कामासाठी वापरली गेली, याचा बोलका पुरावा याच भागात आढळतो. प्रस्तुत लेखात या दृष्टीने जुन्या सायकलीच्या स्टँडचा विचार केला आहे.

स्टँडचे प्रकार व उपयोग :
एका पायाच्या साइड स्टँडवर सायकल एका बाजूस कलते. कॅरियरवर ओझे असल्यास किंवा जमीन भुसभुशीत असल्यास ती सहज कोसळते. दुहेरी स्टँड मागील चाकाच्या आसाजवळ बसविलेला असतो. तो चाक जमिनीपासून वर उचलतो व सायकल सरळ उभी राहते. १९४९ मध्ये मद्रास येथे टी. आय. सायकल्स, १९५१ मध्ये सोनीपत येथे अ‍ॅटलस आणि १९५६ मध्ये लुधियाना येथे हीरो सायकल्स हे उद्योग सुरू झाले. स्वातंत्र्योत्तर काळात दणकट काळी सायकल खेडोपाडी रुळली. दुधाचे कॅन व भाजीच्या पाट्या वाहणाऱ्यांना दुहेरी स्टँडच सोयीचा होता. धार लावणाऱ्या कारागिराने तर सायकल स्टँडवर लावून, पॅडल मारून सहाणेचे चाक फिरविले. म्हणजेच स्टँडमुळे वाहनाचे यंत्र झाले. साइड स्टँडवर मागील चाक जमिनीलाच टेकून राहते. त्यामुळे हे काम शक्य नव्हते.

जतनाचा प्रश्न :
जुनी सायकल हौसेने सांभाळणारे कित्येकदा दुहेरी स्टँड काढून सुटसुटीत साइड स्टँड बसवितात. त्याची पट्टी जास्त आवळल्यास चौकटीच्या नळ्या चेपतात आणि मूळ रंग खरवडला जातो. शिवाय त्या सायकलीच्या श्रमजीवनाची खूणच पुसली जाते. पिन झिजून सैल झालेला स्टँड टाकून देण्याऐवजी पिन बदलावी, तडा गेल्यास स्टँड सायकलीवरून उतरवून वेल्डिंग करावे, हा मार्ग इतिहासदृष्ट्या अधिक योग्य होय.

यासाठी हस्तकौशल्य आवश्यक असते. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला. प्रत्यक्ष काम करीत शिकणे हे तेथील शिक्षणाचे सूत्र आहे. अशा शिक्षणात जुन्या सायकलीची दुरुस्ती हा तंत्रज्ञानाबरोबर इतिहासाचाही पाठ ठरू शकतो.

निष्कर्ष :
केवळ चकाकी टिकविणे म्हणजे जतन नव्हे. वस्तूने केलेल्या कामाची साक्ष टिकविणे हे जतनाचे खरे प्रयोजन होय. दुहेरी स्टँड ही अशीच एक साक्ष आहे.