वरचा मजला आणि खालची रांग



१९७४ सालच्या जुलै महिन्यात लंडनच्या चॅरिंग क्रॉस रुग्णालयात कामगारांनी एक लढा दिला. लढणारी माणसे साधी होती. कोणी फरशी पुसणारे, कोणी जेवण पोहोचवणारे. इस्थर ब्रुकस्टोन ही बाई त्यांच्या युनियनच्या शाखेची चिटणीस. त्यांचे म्हणणे एवढेच, की पैसे भरून वेगळ्या मजल्यावर राहणाऱ्या रोग्यांची कामे आम्ही करणार नाही. रुग्णालय सर्वांचे, मग त्यात हा श्रीमंतांचा मजला कशाला?

या प्रश्नाचे मूळ १९४८ मध्ये आहे. त्या वर्षी ५ जुलैला ब्रिटनमध्ये सर्वांसाठी मोफत वैद्यकीय सेवा सुरू झाली. ती उभी करणारा मंत्री अन्यूरिन बेव्हन हा वेल्समधल्या ट्रेडीगर गावचा, लहानपणीच खाणीत उतरलेला. तिथल्या खाणकामगारांनी पगारातून वर्गणी काढून स्वतःचे डॉक्टर नेमले होते. तोच नमुना त्याच्या डोळ्यांपुढे होता. पण मोठे डॉक्टर सेवेत यायला तयार होईनात, म्हणून त्याने तडजोड केली : त्यांनी खासगी रोगी पाहावेत, आणि सरकारी रुग्णालयातच पैसे घेऊन काही खाटा द्याव्यात. डॉक्टर तोच, इमारत तीच. फक्त पैसे भरणाऱ्याचा नंबर आधी लागणार.

चॅरिंग क्रॉसच्या लढ्यानंतर १९७६ मध्ये या खाटा हळूहळू काढून टाकण्याचा कायदा झाला. १९८० मध्ये नव्या सरकारने ते काम थांबवले. मधल्या काळात खासगी धंदा बाहेर स्वतःच्या इमारती बांधू लागला होता. वरचा मजला गेला नाही, त्याने फक्त रस्ता ओलांडला.

तरुणपणी हा इतिहास वाचला तेव्हा माझा निवाडा सोपा होता. रांग सोडून पैसे भरणारा तो संपफोड्याचा भाऊ! हे मत मला पुढे बदलावे लागले, आणि ते बदलले याच रुग्णालयाच्या दुसऱ्या एका गोष्टीने.

चॅरिंग क्रॉसच्या नावाशी १९६६ पासून आणखी एक दवाखाना जोडलेला होता. जन्माने पुरुष ठरवलेली पण आपण स्त्री आहोत हे अंतर्यामी जाणणारी, किंवा याच्या उलट असलेली माणसे तिथे येत. त्यांना आज आपण पारलिंगी म्हणतो. त्यांच्यातील अनेकांच्या उपचाराचा गाभा म्हणजे संप्रेरके, अर्थात हॉर्मोन. स्त्री म्हणून जगणाऱ्यांना इस्ट्रोजेनच्या गोळ्या, पट्ट्या किंवा जेल. पुरुष म्हणून जगणाऱ्यांना टेस्टोस्टेरॉन. औषध तसे नवलाईचे नाही. रजोनिवृत्तीच्या वेळी हजारो बायका इस्ट्रोजेन घेतात. मात्र ते वर्षानुवर्षे चालते, आणि अधूनमधून रक्त तपासावे लागते. टेस्टोस्टेरॉनने रक्त घट्ट होऊ शकते, तेही पाहावे लागते.

हा उपचार सार्वजनिक सेवेतून मिळावा, हा हक्क भांडून मिळाला. लँकेशायरमधल्या आरोग्य मंडळाने तिघींना उपचार नाकारले, तेव्हा त्या कोर्टात गेल्या. १९९९ मध्ये अपील कोर्टाने सांगितले, की हा खरा आजार आहे असे एकीकडे मानायचे आणि दुसरीकडे सरसकट नकार द्यायचा, हे बेकायदा आहे. हक्क कागदावर पक्का झाला.

पण कागदाला घड्याळ नसते. तज्ज्ञांचा उपचार अठरा आठवड्यांत सुरू व्हावा, असा त्या सेवेचा दंडक. तरी लंडनच्या या दवाखान्यात २०२३ मध्ये पहिली भेट मिळत होती ती सुमारे २०१८ साली चिठ्ठी आलेल्या माणसांना. पाच वर्षे! वयात येणाऱ्या, नोकरी शोधणाऱ्या, आरशासमोर उभे राहणे नकोसे झालेल्या माणसाने ती कशी काढायची?

मग तो खासगी डॉक्टर गाठतो. तिथे काही आठवड्यांत भेट मिळते. तपासणीचे पैसे, रक्ताचे पैसे, औषधाचे पैसे. ते कायम परवडत नाहीत, म्हणून तो गावातल्या सरकारी डॉक्टरला विनवतो, की चिठ्ठी तुम्ही चालू ठेवा. कोणी हो म्हणतो. कोणी म्हणतो, खासगी डॉक्टरचा सल्ला मी कसा पुढे चालवू? म्हणजे ज्याने पैसे भरले तो पुन्हा त्याच दारात उभा. खासगी डॉक्टर वेगळे औषध विकत नाही, मित्रहो. तो वेळ विकतो. आणि वेळेचा तुटवडा सार्वजनिक दवाखान्यातच तयार झालेला असतो.

आता माझी कबुली. कामगार विम्याच्या दवाखान्यासाठी मी आयुष्यभर मोर्चे काढले. माझ्या पत्नीला थायरॉइडचा त्रास सुरू झाला, तेव्हा तिथली तारीख दीड महिन्यानंतरची मिळाली. संध्याकाळी मी तिला रिक्षात घालून खासगी डॉक्टरकडे नेले. थायरॉइडची गोळी हेही संप्रेरकच. दीड महिना मला सहन झाला नाही. मग पाच वर्षे थांबलेल्याला संपफोड्या म्हणण्याचा अधिकार मला कोणी दिला?

ब्रुकस्टोनबाई चुकल्या असे मी म्हणत नाही. त्यांचे भांडण वरच्या मजल्याशी होते, तिथल्या खाटेवर पडलेल्या माणसाच्या दुखण्याशी नव्हते. आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने पारलिंगी व्यक्तींच्या संप्रेरक उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकली. तो कायदा वाचताना मला लंडनची ती पाच वर्षे आठवतात. हक्क मागताना आपण तारीखही मागितली पाहिजे. तारीख नसलेला हक्क गरिबाला रांगेत उभे करतो, आणि ज्याच्याकडे चार पैसे आहेत त्याला रस्त्यापलीकडे पाठवतो.