ओशन ग्रोव्ह
अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील अटलांटिक किनाऱ्यावरचे लहान गाव व मेथडिस्ट पंथीयांचे उन्हाळी उपासनास्थळ. विल्यम ऑसबॉर्न, एलवुड स्टोक्स आदी धर्मोपदेशकांनी ते १८६९ मध्ये वसवले. त्याच वर्षी जुलैअखेरीस एका तंबूत मेणबत्त्यांच्या उजेडात पहिली प्रार्थनासभा झाली. १८९४ मध्ये बांधलेल्या भव्य लाकडी सभागृहात उन्हाळाभर उपासना, प्रवचने व सामूहिक गीतगायन चालते; १९०८ पासून तेथे पाइप ऑर्गनची साथ आहे. सभागृहाभोवती शंभरावर तंबू उभारतात. पुढे कापडी छताची ओसरी, मागे स्वयंपाकघर व न्हाणीघर असलेली लाकडी खोली, अशी त्यांची रचना. मे ते सप्टेंबर तेथे कुटुंबे राहतात. काहींच्या अनेक पिढ्या त्याच तंबूत राहत आल्या आहेत. ओसरीला ओसरी लागून असल्याने शेजार सहज जुळतो. ही जवळीक गावाचा खरा ठेवा होय.